आपोआप होतं त्याची इंग्रजी नावं

६ एप्रिल, सोमवार
दवाखान्यात गेले. कबासोचं वजन केलं. दीड वर्षाची झाली, अंगावरचं दूध तुटलं, सगळं ठीक. मग नर्सनं छोट्या हातोडीनं तिच्या गुडघ्याखाली टक केलं. पाय उडाला! मी किंचाळले. नर्स म्हणाली, "अगं बाई, घाबरतेस काय? रिफ्लेक्स आहे तो. डोक्याला विचारतच नाही, पाय आपला उडतो." पोरगी हसत होती. मी घाम पुसत होते.
शब्द वहीत लिहून ठेवला. मला पण आहे तो. मोठा.

७ एप्रिल, मंगळवार
सासूबाईंचा फोन, गावाकडून, लुविंगूहून. आम्ही त्यांना मायो म्हणतो, म्हणजे आई. "पोरीचं दूध तुटलं ना? पुढच्या आठवड्यात न्यायला येते. आजीकडे वाढू दे."
मी म्हणाले, "हो, मायो."
खाली बघते तर मी गुडघ्यांवर! फोन खांद्यात दाबून टाळ्या पण वाजवतेय, हळू, आमच्यात सुनेनं सासूपुढे गुडघे टेकून वाजवायच्या तशा. शेजारची चोलाची आई दारात पोट धरून हसत होती. "अगं, ती बसलीय लुविंगूत. किटवेतले तुझे गुडघे तिला दिसतात होय?"
तिला हसायला काय जातंय. माझ्या बहिणीचा मुलगा असाच आजीकडे गेला. तीन वर्षांनी आला आणि बहिणीला म्हणाला, "बाई, पाणी देता का?"
ठरलं. सासूबाई आल्या की उभी राहीन. नाही म्हणेन.

८ एप्रिल, बुधवार
चर्चमधला बायकांचा इंग्रजीचा वर्ग. मी सातवीपर्यंतच, तरी हात वर केला. रिफ्लेक्ससारखे अजून शब्द आहेत का? मास्तर सिकोम्बे खूश. फळा भरून टाकला. ऑटोमॅटिक. इन्व्हॉलंटरी. इन्स्टिंक्टिव्ह. स्पॉन्टेनिअस. मेकॅनिकल. नी-जर्क. म्हणाले, सगळ्यांत थोडा थोडा फरक आहे. इन्स्टिंक्टिव्ह जन्मापासूनचं, मेकॅनिकल सवयीचं.
मी विचारलं, सवयीचं असेल तर बरं होतं का?
"कबासोच्या आई, हा शब्द आहे. ताप नाही."
त्यांना काय कळतंय. एका गोष्टीला सात नावं दिलीत, म्हणजे कुणीतरी तिच्यावर औषध पण शोधलं असणार. माझं मेकॅनिकल आहे. सुटेल.

१० एप्रिल, शुक्रवार
खुर्चीला पाच वेळा नाही म्हणाले. उभं राहून. आवाज चढवून. खुर्ची गप्प. आजार अर्धा गेला.

११ एप्रिल, शनिवार
चोलाच्या आईला सासू केलं. डोक्याला फडकं बांधून, कमरेवर हात ठेवून आली. "काय गं, नातीला खायला काय घालतेस, वारा?" मी गुडघ्यांवर. तिनं हात धरून उठवलं. परत बोलली, परत मी खाली. सहा वेळा. शेवटी म्हणाली, "तू राहू दे. मीच सांगते तिला."
मी नको म्हटलं. म्हणजे नाही म्हणता येतं मला! चांगली सुरुवात आहे.

१२ एप्रिल, रविवार
नवऱ्याशी बोलले. म्हणाला, काळजी करू नको, आईशी मी बोलतो. वेल्डिंग करणारा माणूस आहे, आगीला भीत नाही. निर्धास्त झोपले. तीनदा उठून पोरीचा श्वास बघितला.

१४ एप्रिल, मंगळवार
सासूबाई आल्या. सुकी मासळी आणली, शेंगदाणे आणले, माझ्यासाठी कमरेला गुंडाळायचं नवीन छापील कापड आणलं. ती चूक केली त्यांनी. वाईट वागल्या असत्या तर सोपं गेलं असतं.
मी दारातच गुडघ्यांवर. हे धरायचं नाही, पाहुणचार होता.
जेवताना म्हणाल्या, "इथं काय आहे? गटार आणि लोखंडाचा धूर. तिकडे बकऱ्या आहेत, चुलतभावंडं आहेत. सहा नातवंडं वाढवली मी, एक तरी रडलं का?"
नवऱ्यानं घसा खाकरला. आता बोलणार! तो म्हणाला, "मासळी छान आहे, मायो."
नंतर विचारलं तर म्हणतो, त्याला एक फाटक अर्जंट द्यायचंय.

१६ एप्रिल, गुरुवार
बोलायला गेले. उभी होते, खरंच. त्या म्हणाल्या, "पाणी आण." आणलं. गुडघे टेकून दिलं. त्या म्हणाल्या, "शनिवारची बस." मी म्हणाले, "हो, मायो."
इन्व्हॉलंटरी.
उद्या सांगते.

१७ एप्रिल, शुक्रवार
पोरीचे कपडे धुवायचे होते. सांगायला वेळ झाला नाही.

१८ एप्रिल, शनिवार, बसमध्ये
घाईत लिहितेय. वही पोरीच्या पिशवीत होती म्हणून आली.
बसस्टँडवर सासूबाई वर चढल्या, हात पुढे केले, "दे." कबासो माझ्या पाठीवर बांधलेली. गाठ सोडायला हात गेले आणि तिथंच थांबले. कंडक्टर ओरडला, "चढ, चढ, बाई!" चढले. बस सुटली. नवरा खाली उभा, तोंड उघडं. खिडकीतून मी त्याला म्हणाले, कांदे संपलेत.
सासूबाई माझ्याकडे बघतायत. बसमध्ये चढायचं हे मी आधीच ठरवलं होतं. स्पॉन्टेनिअस नाही, प्लॅन होता.

२१ एप्रिल, मंगळवार, लुविंगू
सासूबाई रागावल्या नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आलीस ते बरं झालं. भुईमुगाच्या शेंगा उपटून होईपर्यंत राहा. मग तू जा, पोरगी राहील." मी म्हणाले, "हो, मायो."
घाबरले नाही. शेत बघितलं, पार नदीपर्यंत आहे. मनात म्हटलं, असं हळू काम करायचं की पाऊस परत येईल. तोवर नाही म्हणायला शिकेन.
आज सकाळी पहिली मूठ उपटली. माहेरी आमच्याकडे शेंगाच होत्या, पाच वर्षांची असल्यापासून उपटतेय. मान वर केली तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि सोबत उपटणाऱ्या सगळ्या बायका माझ्या मागे, लांब.
सासूबाई बांधावरून बघत होत्या. म्हणाल्या, "हात चांगले आहेत गं तुझे. शुक्रवारपर्यंत होतंय."