विमानाची उजवी बाजू

पुणतांबा, १२ ऑगस्ट

तीर्थस्वरूप गोरक्षनाथ दाजींच्या सेवेशी, सहादेव पेंटरचा, म्हणजे तुमच्या एकुलत्या एक मेहुण्याचा, दोन्ही हात जोडून नमस्कार (हातांना हिरवा रंग आहे, तो का ते पुढे कळेल). तुमचा गुडघा कसा आहे? गोजरअक्काची शुगर? इकडे सगळे बरे. फोनच केला असता, पण तीन वर्षांत तुम्ही माझा एकही उचललेला नाही. पत्र मात्र शत्रूचं असलं तरी तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचता, हे मला ठाऊक आहे.

तर कारण असं. गावातल्या शाळेने यंदा पंधरा ऑगस्टच्या फेरीसाठी ट्रॉलीवर हवाई दलाचं विमान करायचं ठरवलं. बांबूचा सांगाडा, वरून पत्रा आणि रंग अर्थात माझा. (चाळीस वर्षं उसाच्या ट्रॉल्यांवर नावं घातली, विमान हे पहिलंच.) नमुना दिसावा म्हणून दोन दिवस मान वर करून बसलो. शिर्डीला उतरणारी विमानं इकडूनच जातात, पण दाजी, खालच्या माणसाला विमानाचं फक्त पोट दिसतं. शेवटी अंदाजाने शेपटीवर तिरंग्याचे उभे पट्टे ओढले. ट्रॉली असो की दुकानाची पाटी, आम्ही पेंटर लोक डावीकडून सुरू करतो. तसंच केलं. आधी केशरी, मग पांढरा, मग हिरवा. पलीकडे गेलो, तिकडेही डावीकडून केशरी, पांढरा, हिरवा. काम फत्ते म्हणून खाली बसलो, तेवढ्यात आमची रतनबाई चहा घेऊन आली. तिने विमानाला एक फेरी मारली आणि म्हणाली, "इकडून इमान म्होरं चाललंय, अन् तिकडून माघारी येतंय."

बघतो तर खरंच. डाव्या अंगाला केशरी पट्टा नाकाकडे होता आणि उजव्या अंगाला हिरवा. शाळेतल्या पंकजा मॅडमनी मोबाईलवर खऱ्या विमानांचे फोटो दाखवले, त्यांत दोन्हीकडे केशरी पुढे. मी पुन्हा रंगाचा डबा उघडला, तर ट्रॅक्टरवाले पुंजाराम आडवे आले. त्यांचं म्हणणं, उजव्या बाजूने बघणाऱ्याला हिरवा आधी दिसला तर गाव म्हणेल पेंटरने झेंडा उलटा केला, आणि ट्रॅक्टर त्यांचा असल्यामुळे शिव्या त्यांना बसतील. तासाभरात गावात दोन तट पडले.

मला मात्र तुम्ही आठवलात. नव्या लग्नातले, हवाई दलातून सुट्टीवर आलेले. मी असलंच काहीतरी विचारलं होतं, आणि तुम्ही काठीला टॉवेल बांधून नुसत्या बनियनवर आमच्या अंगणात पळत सुटला होता. कोंबड्या उधळल्या, अक्का लाजून आत गेली. "सहादू, काठी नाकाकडं, कापड शेपटाकडं. कुठल्याबी अंगानं बघ, झेंडा म्होरंच जातो," असं तुम्ही धापा टाकत म्हणालात. केशरी म्हणजे काठीची बाजू, एवढं तेव्हापासून डोक्यात होतं, हात मात्र ट्रॉलीच्या सवयीने चालला.

आता पिकतं तिथं विकत नाही, माझं कोण ऐकणार? तुम्ही स्वतः येऊन चार शब्द सांगितलेत तर गाव ऐकेल. उजवी बाजू तशीच ठेवली आहे. आमच्या लेकीच्या, पूजाच्या लग्नातलं अजून मनात असेल तर तेही काढून टाका. मांडवाच्या दारातल्या फलकावर सगळ्या सोयऱ्यांची नावं मी रंगवली आणि नेमकं तुमचंच राहिलं. जागा पुरली नाही, हे तेव्हाही सांगितलं होतं, आजही तेच सांगतो. अक्काला नमस्कार.

तुमचा,
सहादेव

ता. क. पत्र खिशात राहून गेलं. आज बावीस तारीख, फेरी होऊन गेली. उजवी बाजू मी तेराच्या सकाळीच दुरुस्त केली होती. गोरक्षनाथ दाजींनी असं सांगितलंय, एवढंच म्हणालो, तर पुंजाराम आपणहून बाजूला झाले. तेव्हा विमानासाठी यायचं कारण उरलेलं नाही.

आणखी एक ता. क. फलकावर जागा होती, दाजी. दोन नावं आरामात बसली असती. मी विसरलो होतो, आणि भर मांडवात तसं कबूल करायची लाज वाटली. चूक माझी. तुमचा आदिनाथ मागे कोपरगावात भेटला, तेव्हा त्याच्याकडून कळलं, की भाऊबीजेला आई गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. ते वाचून तुम्हाला काही वाटणार नाही, दरवर्षी बघता. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावं. अक्काला भाऊ आहे. यंदा तिला घेऊन या. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल, मी गुपचूप पाटावर बसून राहीन.