पेटीवरचं मोहाचं झाड

मूल, जिल्हा चांदा
ता. २० ऑगस्ट १९५४

चि. वच्छला,

तुह्या मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. देवाजी जवाईबुवाले रामराम सांगजो. आमच्याइथी सगळे बरे आहेत. धानाचे रोवणे आटोपले, पाणीही बरं झालं. तुहे भाऊजी पोळ्यापायी लाकडी नंदी घडवण्यात असे गुंतले, का जेवायले बी दहादा हाक मारावी लागते. ते घडवतात, मी रंगवते. परवा भातात मीठ टाकायले गेली तं हाताची नीळ भातात उतरली. सगळ्यायनं गुमान खाल्ला, कोणाले काही झालं नाई.

तू लिहिलं होतं, का शेवंतानं तान्ह्या पोळ्याले बाकी पोट्ट्यायसारखा नंदी ओढायले पाहिजे म्हून हट्ट धरला, अन् तुही सासू म्हणते पोट्टीले नंदी कायले. त्यापेक्षा तिच्या बांगड्या अन् चिंचोके ठेवायले एखादी पेटी पाठव. तं पेटी केली. शेजारचा मुखरू बैल पाह्यले तुमच्या चिमूरले येऊन राह्यला, त्याच्या हाती देते.

पेटी सागाची आहे. नंदीतून उरलेल्या तुकड्यायची, पण तुह्या भाऊजीनं कोपरे असे बसवले का नख जात नाई. रंग माहे. चुना, गेरू, नीळ, काजळ, सगळं धावड्याच्या डिंकात कालवलं. झाकणावर शेवंताचं नाव काढलं. वच्छला, ते नाव मी पहिल्यांदाच लिहिलं. बारसं तुह्याच घरी झालं, नाव तूच ठेवलं. तिले नावानं हाक मारायचा योग मले असा कितीक आला? 'शे'ची मात्रा वाकडी आली. हसू नोको.

आता माही चूक सांगते. एकटा नंदी आम्ही कधी रंगवायले घेत नाई. दोन समोर मांडतो, एकाच्या वशिंडावर पट्टा काढला का लगेच दुसऱ्याच्या. नाईतर रंग सारखा उतरत नाई. हाताले तेच वळण पडलं. झाकणावर राघू काढला, त्याच्यासमोर दुसरा काढला. बैल काढला, त्याले जोडी दिली. मंग एक पोट्टी काढली, लाल परकराची, दोन वेण्यायची. अन् हात पुढं गेला. तिच्या बाजूले तशीच दुसरी काढली. वरून वारनीस चढवलं, छपरीत वाळत ठेवलं, तरी मले काई उमगलं नाई.

आमच्या चंद्रीनं पाह्यलं. बोट ठेवून म्हणते, "ही मी. अन् ही दुसरी कोण, माय?"

तेव्हा तुह्या पत्रातली शेवटची ओळ आठवली. चंद्रीले इकडं आणू नोको, अन् तू बी यंदा येऊ नोको. ती ओळ मी वाचून न वाचल्यासारखी केली होती. राग नाई धरला. गेल्या साली तुमच्या बाजारात बांगडीवालीनं दोघीच्या तोंडाकडे पाह्यलं अन् जुळ्या का म्हून विचारलं, तेव्हा तुहं तोंड कसं उतरलं ते मी पाह्यलं. शेवंता तुह्याच पदराले धरून होती. पोट्टी एक दिवस विचारंन, अन् समजलं का आपली राहणार नाई, हे भेव तुले आहे. ते मले समजते.

मी तरी कोणत्या तोंडानं बोलू? दोघी होळीले झाल्या. मले ताप, अंगावर दूध एकीपुरतंही नाई. तुहं लेकरू नुकतंच गेलेलं, तुले पान्हा फुटून राह्यला होता. आपली माय म्हणाली, एकीले वच्छलापाशी ठेव, पोळ्यापर्यंत. पोळ्याले मी न्यायले आली. तिनं माह्या मांडीवर आकांत मांडला, अन् तुह्या हाती जाताच गप झाली. मीच म्हटलं, ठेव, तुहीच आहे. कोणी जबरदस्ती केली नाई. पण त्या दिवशी घडीभर आणखी रडू दिलं असतं, तं माह्यापाशीही गप झाली असती का, हे मले दर पोळ्याले वाटते. लई पस्तावा होते, वच्छला. नंदीचे डोळे काढायले बसली का हात थांबते.

तं मी त्या पोट्टीवर मोहाचं झाड काढलं. चंद्रीनं जिच्यावर 'ही मी' म्हून बोट ठेवलं, तीच झाकली. पेटी शेवंताची, तिच्यावर चंद्रीले कशी ठेवू? चंद्री बाजूले बसून पाहून राह्यली होती. रडली नाई. एवढंच म्हणाली, "माय, मले काऊन झाडात लपवलं?" तिले सरपण आणायले धाडलं.

तुहे भाऊजी म्हणाले, वारनिसावर डिंकाचा रंग टिकत नाई, पहिले पटाशीनं खरडून काढ, मंग झाड काढ. त्यायचं बरोबर आहे. मी पटाशी हाती घेतलीही. पण तिच्या तोंडावर धार ठेवणं माह्याच्यानं झालं नाई. एक पोट्टी मी आपल्या हातानं देऊन टाकली, दुसरीले आपल्याच हातानं खरडू कशी?

म्हून आधीच सांगून ठेवते. शेवंता पेटी हाताळंन, दिवाळी-संक्रांतीपर्यंत झाडाचे पोपडे निघतीन, अन् मागची दिसंन. ती विचारंन. पेटीसंग वारनिसाची लहान शिशी देऊन राह्यली, बूच घट्ट लावलं आहे. झाडावर त्याचा एक हात मारला का ते पक्कं होईन, मंग कधी निघणार नाई. तू मारलं तरी मी काई म्हणणार नाई, तिची माय तू आहे. नाई मारलं, अन् तिनं विचारलं, तं तिचं नाव चंद्री आहे एवढं सांगजो. माहं नाव नाई सांगितलं तरी चालंन.

मुखरू बैल जुपून राह्यला. पेटी उन्हात ठेवू नोको.

तुही बाई,
अन् शेवंताची, तू सांगशीन ती,
रुखमा