डॅन्यूबवरच्या लॉकमध्ये

बाबा, तुम्हाला जी बोटीची सफर करायची होती, ती शेवटी आई आणि मी करून आलो. पासाउ ते बुडापेस्ट, डॅन्यूब नदीतून. टीव्हीवर तिची जाहिरात लागली की तुम्ही आम्हाला गप्प बसवायचात आणि म्हणायचात, "रिटायर झालो की." त्याआधीच तुम्ही गेलात, त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. व्हिएन्ना सुंदर आहे, केक फार गोड आहेत आणि सहप्रवाशांपैकी निम्म्यांनी गुडघे बदलून घेतले आहेत. मी मात्र शहरं बघायला गेले नव्हते. आईने ब्रिस्टलचं घर विकून माझ्याकडे लीड्सला यावं, हे तिच्या गळी उतरवायला गेले होते. तुम्ही होतात तेव्हा बँक, डॉक्टर, कौन्सिलचं ऑफिस, सगळीकडे तुम्हीच बोलायचात. नंतर ते काम माझ्याकडे आलं. कोणी इंग्रजीत काही विचारलं की ती माझ्याकडे बघते. अशी बाई एकटी कशी राहणार?

जेवायला आमच्या टेबलावर डेव्हनचं एक वयस्क इंग्रज जोडपं होतं. आई त्यांच्याकडे बघून नुसती हसायची. मग एका दुपारी बोट लॉकमध्ये शिरली, म्हणजे नदीतल्या एका प्रचंड हौदात. मागचं दार बंद होतं, पाणी उतरतं, त्याबरोबर आपणही खाली जातो, मग पुढचं दार उघडतं. मला बाथ गावाजवळचा कालवा आठवला. रविवार आहे, थर्मासमधला चहा कोमट झालाय, तर्जनी वर करून तुम्ही लॉक कसं चालतं ते समजावताय. मी जांभया देतेय आणि आई तुमच्याकडे पाठ करून सँडविचला चटणी लावतेय. तुमचं इंजिनिअरिंग आमच्यापैकी कोणीच ऐकत नाही, असंच मी समजत होते.

डेकवर त्या डेव्हनच्या बाईंनी मला सहज विचारलं, एवढं पाणी पंपाने काढत असतील का? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नो पंप, माय डिअर. वॉटर गोज डाउन बाय इटसेल्फ. अँड सेम वॉटर पुशेस द गेट, सो इट स्टेज शट." तर्जनी वर. 'माय डिअर'सुद्धा तुमचंच. पुढचं लॉक आलं तेव्हा ते दोघं आईला शोधत केबिनपर्यंत आले. मला अभिमान वाटला, आणि जरा रागही आला.

बुडापेस्टला मी घराचा विषय काढलाच. शालीची घडी घालत ती म्हणाली, "अगं, मला जमतं सगळं. तू असलीस की तू बोलतेस, म्हणून मी गप्प. ह्यांनाही बोलायला आवडायचं. ब्रिस्टल काही मी सोडणार नाही."

आता लीड्सच्या स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. पाठवायला पत्ता नाही, तेच बरं आहे. तिच्यासाठी आवरून ठेवलेल्या खोलीचं दार मी अजून लावलेलं नाही. बाबा, एकटं राहणं जमत नाही ते तिला नाही, मला.