टाके ओले असताना

बरेली, दसऱ्याच्या तोंडावर

माय,

गंगासागर तुझ्या पाया पडते. हे पत्र छबुमावशीकडून वाचून घे, दादाकडून नको. फोन तो स्पीकरवर लावतो, म्हणून लिहिते.

मी मजेत हाय. जेवण आता अंगी लागतंय. धारूरला टँकर येतो का? म्हैस चारा छावणीतच हाय का?

इथल्या प्रयोगशाळेत माझं काम उंदराच्या माद्यांवर हाय. त्यांचे बीजकोश काढले की अंगातलं इस्ट्रोजन कमी होतं. मग रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी किती जगतात, ते आमी बघतो. काही लवकर मरतात, माय. उंदराचं तेच माणसाचं असं न्हाई, तरी तुझा सारखा येणारा ताप आठवतो.

काल ऑपरेशन झालेली मादी मी घाईनं दुसऱ्या पिंजऱ्यात टाकली. मॅडम ओरडल्या, "टाके ओले आहेत तिचे, पडू दे तिला!" मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, बोलणी खाल्ली म्हणून.

गर्भपिशवी काढल्यावर तू ओल्या टाक्यांनी उसाच्या फडात गेलतीस, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो म्हणून. डोक्यावर मोळ्या वाहिल्यास. उंदरांना मऊ खाणं देणाऱ्या मला लई लाज वाटली. डॉक्टरनं पिशवीबरोबर बीजकोशबी काढले का, हे मी तुला कधी विचारलंच न्हाई.

आपला सहकारी कारखाना दुष्काळानं बंद, म्हणून टोळी यंदा कर्नाटकात जाणार म्हणे. तू जाऊ नको.

उंदरांना आमी विचारून कापत न्हाई. तुला तरी कोणी विचारलं होतं का?

तुझीच,
गंगा