परतीच्या नळीचा उतार

१२ फेब्रुवारी, सोमवार

विद्वान आज दुकानात आले. म्हणजे माझा धाकटा भाऊ — पण या वहीत तो विद्वानच. नऊ वर्षं दर रविवारी फोनवर "बाबा कसे आहेत" विचारणारा माणूस. पाच महिन्यांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हाही चार दिवस राहून परत गेला. आता रजा काढून आलाय, तीन आठवडे झाले. मला वाटलं, बाबांचं करायला आलाय. कसलं काय. आल्या दिवसापासून घरामागच्या शेडमध्ये बाबांच्या गाडीचं बॉनेट उघडून बसलाय.

काउंटरवर त्याने एक टर्बो ठेवला. इंजिनाचा जोर वाढवणारा, गोगलगाईसारखा गुंडाळलेला, बिडाचा, जड. "ताई, हा बाबांच्या गाडीला बसवतोय. तेलाच्या दोन नळ्या करून दे."

गाडी बावीस वर्षांची. तिचा मालक चाकाच्या खुर्चीत, उजवी बाजू लुळी, तोंडातून शब्द फुटत नाही. आणि याला गाडी पळवायचीय.

वर मलाच शिकवायला लागला. एक नळी इंजिनातलं तेल दाबाने टर्बोला देते, दुसरी ते खाली ऑइलच्या चेंबरमध्ये परत आणते. मला सांगतोय! बाबांनी हे दुकान माझ्या हाती दिल्यापासून एकोणीस वर्षं नळ्यांच्या टोकांना फिटिंग बसवून प्रेस मारतेय. क्रेनच्या, डंपरच्या. आजवर एक नळी फुटून परत आलेली नाही.

"माप आण," एवढंच म्हटलं.

१४ फेब्रुवारी

माप आणलं. सुतळीचं. तेही गाठ मारलेल्या सुतळीचं.

१८ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद, म्हणून स्वतःच शेडमध्ये गेले. नाहीतर तो ती सुतळीच गाडीला बसवायचा.

परतीची नळी कुठून नेणार, ते त्याने तारेने दाखवलं. टर्बोतून खाली, मग एका दांड्याखालून, मग पुन्हा वर, मग चेंबर. मी विचारलं, "तेल चढ चढतं का रे?" टर्बोतून फिरून आलेल्या तेलाला दाब उरत नाही. ते आपल्या वजनाने खाली पडतं, तेवढंच. मध्ये झोळ पडला की तुंबतं, आणि तुंबलं की सायलेन्सरमध्ये शिरतं. मग निळा धूर.

"कळतंय ताई, पण जागाच नाही."

जागा मी काढली. दांड्याच्या पुढून, सरळ उतारावर. चेंबरला भोक तेलाच्या पातळीच्या वर पाडायचं, हेही मीच सांगितलं. तो मान डोलवत होता. त्याची मान लहानपणापासून फार छान डोलते.

मग म्हणाला, "परतीला साधा जाड पाईप लावला तर? दोन क्लिपा मारून?"

"गटार जोडतोयस का?" म्हटलं. दोन्ही टोकांना फिटिंग, वरच्या टोकाला काटकोनात वळलेला एल्बो, प्रेस मारून. माझ्या दुकानातून क्लिपांची कामं जात नाहीत.

हे चाललं असताना शेडच्या दाराशी बाबा खुर्चीत. स्वेटरसुद्धा नीट घातलेला नाही. सगळीकडे पेट्रोलचा वास, आणि या शहाण्याने आजारी माणसाला तिथे आणून ठेवलंय.

"त्यांना बरं वाटतं इथे."

"तुला बोलले का ते तसं?"

मी खुर्ची वळवली आणि घरात नेली. बाबा घशातून आवाज काढत होते. थंडी वाजत असणार. शाल घातली, तर ती डाव्या हाताने ढकलून दिली. दोनदा.

१९ फेब्रुवारी

दोन्ही नळ्या केल्या. दाबाची नळी स्टीलच्या जाळीची, वरून उष्णता न लागणारं कापड चढवलेलं. परतीची काळी, एल्बो पितळेसारखा चकचकीत. जाऊ दे, त्याची लायकी नसली तरी नळी माझ्या हातची आहे.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांना व्यायाम द्यायला येणाऱ्या बाई आज दुकानावरून जाताना थांबल्या. म्हणाल्या, "डाव्या हाताला चांगलं वळण आलंय हो. रोज सकाळचे दोन तास शेडमध्ये असतात ना, त्याचा गुण."

रोज. दोन तास.

म्हणजे मी नऊला दुकान उघडायला निघते आणि हा त्यांना शेडमध्ये नेतो. आणि मी यायच्या आत परत आणून, तोंड पुसून, खिडकीशी बसवून ठेवतो. पाच महिने मी भरवतेय, अंघोळ घालतेय, रात्री तीनदा कूस बदलून देतेय. गुण कुणाचा? शेडचा. बाईंना काय कळतंय. पायाच्या बोटांना रबर लावून ओढतात आणि निघून जातात.

त्याला मी काही विचारलं नाही. विचारलं की तो समजावून सांगतो, आणि त्याचं समजावून सांगणं मला सोसत नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज गाडी सुरू केली. आधी इंजिन नुसतं फिरवून टर्बोपर्यंत तेल पोचवलं — एवढी अक्कल होती त्याला. मग चावी. आवाज झकास, खोटं कशाला बोलू. दहा मिनिटं एक थेंब गळला नाही. गल्लीला एक चक्कर मारून आला, आणि त्याच्यामागून निळा धूर. समोरच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे काढून नेले.

मला आनंद झाला. ही वही माझीच आहे, म्हणून लिहून ठेवते. आनंद झाला.

"उतार चुकवलास," मी म्हटलं.

"उतार तू सांगितलास तसाच आहे, ताई. बघ ना तू खाली येऊन."

"तूच बघ." आणि मी घरात आले.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दुकान उघडलंच नाही. दोन दिवस तो गाडीखाली पडून होता आणि हाती शून्य. म्हटलं, एकदाचं दाखवून टाकू याला. साडीचा पदर खोचला आणि गेले गाडीखाली.

उतार बरोबर होता. भोक बरोबर होतं. नळीला झोळ नाही, पीळ नाही. मी बॅटरी मारून इंच न् इंच बघितलं. चूक सापडेना आणि बाहेर यायची लाज वाटायला लागली.

तेवढ्यात टक टक आवाज. विद्वानाने बाबांना शेडमध्ये आणलं होतं, आणि ते खुर्चीतून वाकून काठीने जमिनीवर ठोकत होते. काठीच्या टोकाला खडू बांधलेला. आडवी पडले होते म्हणून मला जमीन पहिल्यांदा नीट दिसली. सगळी शेड खडूने भरलेली. इंजिन, चेंबर, नळ्यांचे मार्ग, बाण. काही पुसलेलं, काही नवं. रेघा थरथरत्या, पण आकडा लिहायची पद्धत — इंग्रजी सातला आडवी रेघ — ती बाबांचीच.

माझ्यासमोर त्यांनी दोन गोल काढले. एक मोठा. त्याच्या आत एक अगदी बारका. आणि बारक्यावर काठी आपटली.

मी नळी उतरवली. एल्बोच्या आत बोट घालून बघितलं. करंगळीसुद्धा जाईना. बाहेरून नळी जाड, आत फिटिंगचं भोक पेन्सिलीएवढं. दाबाच्या नळीला हे चालतं, दाब तेल ढकलून नेतो. परतीच्या तेलाला ढकलणारं कुणी नसतं. एकोणीस वर्षं मी दाबाच्याच नळ्या केल्या.

भावाने नळी घेऊन फडक्याने पुसली. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

शेवटी मीच विचारलं, "हे सगळं बाबांचं?"

"हो. टर्बोही त्यांचाच. कधीचा घेऊन माळ्यावर ठेवला होता. झटक्यानंतर मी आलो होतो ना, तेव्हा त्यांनी मला चादरीवर बोटाने काढून दाखवलं. मला कळायलाच दोन दिवस लागले."

"आणि मला का नाही दाखवलं?"

तो बाबांकडे बघायला लागला. बाबांनी खडूने लिहिलं. एकेक अक्षर, फार वेळ घेऊन. मी उभी राहून वाचलं.

'नको म्हणाली असतीस.'

म्हणाले असते. शाल घालून आत नेलं असतं.

२८ फेब्रुवारी

पाटी आणली. पाच महिने घरात पाटी आणायचं मला सुचलं नव्हतं. बाबांनी पहिल्यांदा लिहिलं — 'चहात साखर कमी.' पाच महिने मी तोच चहा पाजतेय.

२ मार्च, शनिवार

परतीला साधा जाड पाईप. दोन क्लिपा. मीच मारल्या. विद्वान बॅटरी धरून उभा होता आणि एकदाही "मी म्हटलं होतं" म्हणाला नाही. हे त्याचं जुनं दुखणं आहे, समोरच्याला शिव्या द्यायला जागाच ठेवत नाही.

अर्धा तास गाडी चालू ठेवली. धूर नाही. बाबा पुढच्या सीटवर बसून होते, डावा हात डॅशबोर्डवर.  

३ मार्च, रविवार

तिघं फिरून आलो. विद्वान अजूनही गिअर उपटल्यासारखा बदलतो. बाबांनी त्याच्या हातावर चापट मारली. मी मागच्या सीटवर हसले, तोंडावर रुमाल धरून.

६ मार्च, बुधवार

बाबा त्याच्याबरोबर राहायला जाताहेत. पाटीवर त्यांनी स्वतः लिहिलं. त्याचं घर डोंगरावर आहे, शेवटचे अकरा मैल नुसता चढ. जुन्या इंजिनाला तो झेपला नसता, आणि आपली गाडी सोडून ते जाणार नव्हते. एवढ्यासाठी तो माळ्यावरचा टर्बो काढला. खाली लिहिलं होतं, 'तू झोप आता.'

मी विचारलं, किती दिवस? त्यांनी पाटी पुसली. ती मांडीवर पालथी ठेवली.

मी बॉनेट उघडलं. दोन्ही नळ्यांवरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत हात फिरवला. हात कोरडा निघाला. मग म्हटलं, निघा.