वेणीची चाळीस मिनिटं

४ मार्च, मंगळवार

वकीलबाई आज माझ्यावर जरा वैतागल्याच. चौदा महिने मी हिरव्या वहीत लिहितोय – हिचं काय काय करतो आणि त्याला किती वेळ लागतो. त्यांनीच सांगितलं होतं. पण एका दिवसापुढे मी लिहून ठेवलं होतं, 'आज हसली.' त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "याचं कोर्ट काय करणार? यापुढे फक्त मिनिटं लिहा."

म्हणून ही निळी वही आणली. हसण्याबिसण्यासाठी.

६ मार्च, गुरुवार

निळ्या वहीत काय लिहायचं ते कळत नाही. मिनिटांची सवय लागली आहे! मग काय झालं तेच एकदा नीट लिहून टाकतो.

ही औषधाच्या दुकानाबाहेर उभी होती. वरून शटर निसटलं. उजवा खांदा मोडला, डाव्या मनगटाची शीर तुटली. आता उजवा हात वर जात नाही आणि डाव्या बोटांना पकड नाही. जीभ तेवढी शाबूत आहे – हे तिचंच वाक्य. दुकानदाराने चूक मान्य केली, पण भरपाई किती यावर त्याच्या विमा कंपनीचं घोडं अडलंय. आमचं मुख्य मागणं एकच – दिवसभरासाठी पगारी बाई. ती मिळाली तर मी कामावर जाईन. मालकांनी एप्रिलअखेरपर्यंत माझी जागा धरून ठेवली आहे. बत्तीस वर्षं चष्म्याची भिंगं घासली, आता घरात बसून शेजाऱ्यांच्या चष्म्यांच्या काड्या सरळ करतो. फुकट!

सगळ्यात अवघड गेली ती वेणी. कमरेपर्यंत केस. पहिल्या महिन्यात ही आरशात बघून म्हणाली, "अहो, ही वेणी आहे की सुतळीचा गुंता?" आता बरी जमते. दहा मिनिटांत होते. पण मी वहीत चाळीस लिहितो, कारण उठतो आम्ही चाळीस मिनिटांनी. जिन्यात कोण कोणाशी भांडलं, तिच्या शाळेतल्या बाईंचं लग्न कसं मोडलं, मला मालकांची मुलगी सांगून आली होती तेव्हा मी नाही का म्हणालो. दोघांची तोंडं एकाच दिशेला, कोणी कोणाकडे बघत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात इतकं बोललो नव्हतो.

११ मार्च, मंगळवार

उद्या माझी साक्ष. तिची साडी, माझा सदरा – दोन्ही इस्त्री करून ठेवलं. १५ मिनिटं.

१२ मार्च, बुधवार

पलीकडच्या वकिलांच्या चष्म्याची डावी काडी वाकडी होती. माझं अर्धं लक्ष तिकडेच. वाटलं, दोन मिनिटं द्या, सरळ करून देतो.

त्यांनी मला हिरव्या वहीतला एक दिवस मोठ्याने वाचायला सांगितला. वाचला. संडास – १२ मिनिटं. आंघोळ – ३५. जेवण भरवणं, दोनदा – ५०. धोब्याची यादी वाचावी तसा वाचत गेलो. ही मागच्या बाकावर बसली होती. मी मागे पाहिलं नाही.

मग ते म्हणाले, वेणीला चाळीस मिनिटं? त्यांच्या मुलीची तर दहात होते. मागे कोणीतरी हसलं. मी खरं सांगून टाकलं – "वेणी दहाचीच आहे. बाकीचा वेळ आम्ही बोलत बसतो." वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यानंतर अख्खी सकाळ वेणीतच गेली. दहा खरी की चाळीस, बोलणं सेवेत धरायचं की नाही! शेवटी न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे चोळले. नंबर बदललाय त्यांचा.

घरी आलो. मी चपला काढून देताना ही म्हणाली, "सगळं लिहून ठेवलंत."

१३ मार्च, गुरुवार

कंगवा घेऊन गेलो, तर समोरच्या वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या. हिनेच बोलावलं होतं. वेणी सात मिनिटांत झाली. सात हे मला कळलं, कारण मी घड्याळ बघत होतो. लाज वाटली.

२० मार्च, गुरुवार

आजही वहिनीच. सात मिनिटं. बाकी सगळं मला करू देते. वेणी नाही.

३० मार्च, रविवार

आज धीर करून विषय काढला. म्हटलं, वकीलबाईंनी सांगितलं म्हणून लिहिलं, तुझ्याचसाठी लिहिलं. ती म्हणाली, तिला ते माहीत आहे. पण कोर्टात ऐकताना वाटलं –

"मी तुम्हाला मनातलं सांगत होते, आणि तुम्ही किती वाजले ते बघत होतात."

खरंच बघत होतो. सुरू झालं की बघायचो, संपलं की बघायचो. वहीत लिहायचं असायचं ना! चौदा महिने ती माझ्याकडून सगळं करून घेत होती, पण आपण ओझं आहोत असं तिला कधी वाटलं नव्हतं. ते ओझं मी तिला चारचौघांत वाचून दाखवलं.

८ एप्रिल, मंगळवार

निकाल लागला. पगारी बाई मंजूर! सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, कायमची. माझ्या मागच्या सेवेचे पैसे निम्मेच धरले – नवरा म्हणून एवढं तर केलंच असतं, असं न्यायाधीशांचं म्हणणं. बाईला कोणकोणत्या कामांसाठी पैसे मिळतील त्याची यादीही निकालात आहे. त्यात वेणी नाही. खटल्याचा खर्च पलीकडच्यांनी द्यायचा, फक्त साक्षीच्या त्या एका सकाळचा आमचा आम्ही सोसायचा. वेणी आम्हाला महागात पडली.

वकीलबाईंनी निकालातलं वेणीबद्दलचं वाक्य वाचून दाखवलं: 'वेणीच्या वेळात शुश्रूषा किती आणि पतिपत्नीचा सहवास किती, हे वेगळं करता येत नाही, सबब तो वेळ पूर्णपणे वगळण्यात येत आहे.'

ही म्हणाली, "परत वाचा." त्यांनी परत वाचलं. 

२० एप्रिल, रविवार

उद्यापासून बाई येणार, उद्यापासून मी दुकानात. डबा, सदरा, भिंगं तपासायची छोटी दुर्बीण – सगळं काढून ठेवलं. याचसाठी तर भांडलो. तरी आनंद होत नाही. चाळीसेक दिवस झाले, हिच्या पाठीमागे बसलो नाही.

२१ एप्रिल, सोमवार

बाई बरोबर आठला आल्या. स्वच्छ, कामाच्या दिसल्या. हिचं तोंड धुतलं, चहा पाजला आणि कंगवा उचलला. ही म्हणाली, "ते राहू द्या. वेणी कोर्टाने तुमच्याकडे दिलेली नाही." मग माझ्याकडे बघून – "अहो, या. घड्याळ काढून ठेवा आधी."

दुकानात पोचायला उशीर झाला. किती, ते माहीत नाही.