शेजारच्या सीटचा भोंगा

ता. ६ मार्च, गुरुवार

प्रिय ढब्बूस,

ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. तूही बराच असशील असं धरून चालते, कारण कळायला दुसरा मार्ग तू ठेवलेला नाहीस. फोन उचलायचा नाही असं ठरवलंयस, ठीक आहे. टपालवाला काही तुझं ऐकून परत फिरणार नाही, म्हणून हा कागद. मावशी तुझ्याकडे येऊन गेली, ती सांगत होती की आता तुला ढब्बू म्हणायची सोय राहिलेली नाही, गळ्याची हाडं दिसतात. जेवत जा रे वेळेवर. गोदामात पोती मोजायची म्हणजे अंगात काही हवं की नको?

आता कामाचं. मी गाडी घेतली. दचकू नकोस. सेकंडहँड आहे, लहानशी, राखाडी. शाळांचे गणवेश पोचवायचे म्हणजे दर वेळी टेंपोवाल्याची मनधरणी करा, तो येईपर्यंत दारात ताटकळत उभं राहा, वर त्याने गठ्ठे आपटून इस्त्रीची वाट लावायची. जीव नकोसा झाला होता. शेवटी शिकले चालवायला. शिकवणाऱ्याचा बिचाऱ्याचा "काकू, क्लच! काकू, क्लच!" करून घसा बसला, पण शिकले. मागच्या सीटवर गठ्ठे टाकते आणि निघते.

प्रश्न वॉरंटीचा आहे. विकणाऱ्याने दिलेली वॉरंटी या महिन्याअखेर संपते. पुढे हवी असेल तर वाढीव वॉरंटी विकत घ्या म्हणून तिथला सेल्समन रोज फोन करतो. मी त्याला गोडबोल्या म्हणते, अर्थात मनात. इंजिन, गिअर, वायरिंग, सगळं त्यात येतं म्हणे. टायर, ब्रेक, क्लच मात्र नाही. झिजणारं काहीच नाही. म्हणजे जे हमखास बिघडणार ते सोडून बाकी सगळ्याची हमी! मी तसं बोलून दाखवलं तर हसतो मेला.

त्यात एक अट आहे. आधी त्यांचा माणूस गाडी तपासणार, आत्ता जो काही बिघाड असेल तो जुन्या वॉरंटीत दुरुस्त करणार आणि मगच नवा कागद देणार. तसं गाडीत फार काही नाही. एक काच रडतरखडत वर जाते. आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटचा बेल्टचा भोंगा उगाच वाजतो, सीटवर कोणी नसलं तरी. सीटखालचा सेन्सर गेलाय, फुकट बदलून देतो, असं गोडबोल्या म्हणतो. मी म्हटलं, विचार करून सांगते. यात विचार काय करायचा, असा चेहरा केला त्याने.

तर घेऊ की नको? इतकी वर्षं तू गाड्या खोलल्यास, तुला कळतं. मला दुसरं कोण आहे विचारायला? महिना संपायच्या आत कळव.

दुकान ठीक चाललंय. कटिंग मीच करते. काजबटणं करणारी आपली जुनी बाई अजून आहे, तुझी आठवण काढते.

तुझी
ताई


ता. १४ मार्च, शुक्रवार

ढब्बू,

तुझं उत्तर मिळालं. त्याला उत्तर म्हणायचं तर म्हणते. "वॉरंटी घे. सेन्सर आधी बदल. असला बिघाड ठेवून गाडी चालवू नये." संपलं! ना ताई कशी आहेस, ना आशीर्वादाला नमस्कार. तार करायचे दिवस गेले रे, शब्दाला पैसे पडत नाहीत आता.

चूक माझीच. अर्धवट विचारलं की अर्धवटच उत्तर येतं. आता पुरतं सांगते. बसून वाच.

तो भोंगा पहिल्या दिवसापासून वाजतो. गाडी घेऊन फाटकाबाहेर पडले आणि समोरच्या वेगाच्या काट्यांमध्ये लाल माणूस पेटला, त्याच्या छातीवर आडवा पट्टा. शेजारच्याने बेल्ट लावलेला नाही, असा त्याचा अर्थ. शेजारी कोणी नव्हतं. टिंग टिंग टिंग चालू. मी घाबरून गाडी बाजूला घेतली, सीटवरून हात फिरवला, काही नाही. पुन्हा निघाले, पुन्हा तेच. डोकं भणभणलं. आणि माझ्या तोंडून अगदी सवयीने निघून गेलं, "अहो, लावा ना तो बेल्ट."

भोंगा थांबला.

हसशील तर हस. सैल वायर आहे, धक्क्याने थांबली असेल, हे मलाही कळतं. पण मी पूल ओलांडून घरी येईपर्यंत तो वाजला नाही, आणि सगळा रस्ता मी मान वळवली नाही. अंगावर काटा होता रे. आणि खरं सांगू, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तेव्हापासून रोज निघताना मी रिकाम्या सीटचा बेल्ट लावते. त्या सीटवर पर्स ठेवत नाही, गठ्ठा ठेवत नाही. कितीही माल असो, सगळा मागे. वाटेत बोलते. कुठल्या शाळेने कॉलरचं माप चुकीचं दिलं, कोणी किती उधार ठेवलं. दुकानाशी आले की वळसा घालून त्या बाजूचं दार उघडते. परवा काजबटणवालीने पाहिलं. "वहिनी, कोण उतरलं?" म्हणाली. मी म्हटलं, दार नीट लागलं नव्हतं. तेव्हापासून मी आले की ती त्या दाराकडे बघते आणि थोडी बाजूला सरकते, कोणाला तरी वाट द्यावी तशी.

आता सांग, बदलू सेन्सर? गोडबोल्याला काय, तासाभराचं काम. तासाभरात तो ह्यांना गाडीतून उतरवणार.

आणि निघालाच आहे विषय तर राहिलेलंही सांगते. तू पत्रात "असला बिघाड ठेवून गाडी चालवू नये" असं लिहिलंस ना, ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे तू मला सांगतोस? ह्यांची खोड तुला माहीत नव्हती? बेल्टने शर्टाला चुण्या पडतात. शिंप्यानेच चुरगळलेला शर्ट घालून हिंडायचं तर गिऱ्हाइकाने काय समजायचं! म्हणून हे आधी बेल्ट खाचेत अडकवायचे आणि मग त्याच्यावर पाठ टेकून बसायचे. भोंगा खूश, शर्ट खूश. तू दहादा त्यांच्याशी यावरून वाद घातलास, माझ्यासमोर. मग त्याच दिवशी, कापड आणायला निघालात तेव्हा, तुझ्या शेजारी बसलेल्या माणसाकडे एकदा बघता आलं नाही तुला? एकदा मान वळवायची होती रे. ट्रकने ब्रेक मारला हे मान्य. कोणालाही गाडी आवरली नसती हेही मान्य, सगळे तेच म्हणाले. पण तुझ्या छातीवर बेल्टचा वळ उठला आणि तू चालत घरी आलास.

मला तुझा राग आहे, ढब्बू. मी तो कधी बोलले नाही. तुला जेवायला वाढत राहिले, आणि एक दिवस तू गाव सोडून गेलास तेव्हा थांब म्हटलं नाही. तुला तो न बोलताच कळला होता, म्हणून तू फोन उचलत नाहीस. हो ना?

आता वॉरंटीचं सांग बघू.

ताई


ता. २२ मार्च, शनिवार

प्रिय ढब्बूस,

अनेक अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. येणार नाही हे टपालपेटीत टाकतानाच कळलं होतं. हात आत घालून परत काढता आलं असतं तर काढलं असतं. आता ते राहू दे, हे वाच.

काल मी गाडी तपासायला नेली. सेन्सर बदलायचं ठरलं नव्हतं. गोडबोल्या म्हणाला, "मॅडम, नुसती तपासणी करून घ्या, जबरदस्ती नाही." मी म्हटलं, तेवढ्याने काय बिघडतं. त्यांचा तपासणारा पोक्त माणूस, अबोल, शर्टाच्या खिशाला पेनांची रांग. म्हणाला, "तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो, चालत्या गाडीत बघावं लागतं."

शेजारी बसतो म्हणाला! त्या सीटवर गाडी घेतल्यापासून कोणी बसलं नव्हतं. त्याला काय सांगणार? तिथे कोणीतरी बसलंय असं? मी बेल्ट सोडवला आणि दुसरीकडे बघितलं. तो बसला. भोंगा वाजला. खट् असा आवाज आला आणि भोंगा बंद झाला. मी निघाले.

बाजाराच्या रस्त्याला ही गर्दी! एक सायकलवाला मध्येच वळला, एक बाई पिशव्या सावरत आडवी आली, मागून कोणी तरी सारखा हॉर्न मारत होता. तपासणारा डॅशबोर्डखाली वाकून आपल्या यंत्राची वायर जोडत होता, मधूनच "जरा वेग वाढवा" म्हणत होता. मी चालवत होते. पूल आला, पूल संपला. सिग्नलला थांबले तेव्हा कुठे त्याला विचारावं म्हणून मी वळून बघितलं, कसं काय वाटतंय इंजिन?

बेल्ट त्याच्या पाठीमागे होता.

वाकायला अडचण होते म्हणून त्याने बेल्ट पाठीमागून घेऊन खाचेत अडकवला होता आणि त्यावर टेकून बसला होता. अगदी ह्यांच्यासारखा.

ढब्बू, मी किंचाळले. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवली नाही. मागचे लोक शिव्या घालत होते, मी त्या भल्या माणसाला फैलावर घेत होते. "आधी पुढे घ्या तो बेल्ट! तुमच्या घरी कोणी वाट बघतंय की नाही? माझ्या गाडीत असले धंदे चालणार नाहीत!" त्याने मुकाट्याने घेतला. मी गाडी बाजूला लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. तो शेजारी बेल्ट लावून तसाच बसून राहिला. उतरलाही नाही बिचारा, परवानगी नव्हती ना.

आणि तेव्हा मला कळलं. अख्खा बाजार, अख्खा पूल मी चालवत आले, आणि मला दिसलं नाही. मला! जिने ती खोड जन्मभर पाहिली, जिच्या घरातून त्या खोडीने माणूस नेलं, तिला. भोंगा थांबला म्हणजे बेल्ट लावला, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझे डोळे सायकलवाल्यावर होते. कुठे असणार दुसरीकडे? चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं असतं. तूही रस्त्याकडेच बघत होतास.

तुझी चूक नव्हती रे. लोकांनी मला शंभरदा सांगितलं, मी मान डोलावली, आत काही पोचलं नाही. काल पोचलं. तुझी चूक नव्हती, ढब्बू. मोठ्याने वाच हे. मी इथे लिहिताना मोठ्याने बोलतेय.

मग गॅरेजमध्ये परत जाऊन मी स्वतःच म्हटलं, बदला सेन्सर. समोर उभी राहिले. त्यांनी सीट बाहेर काढली, उलटी केली. आतल्या गादीत एक टाचणी घुसली होती, लाल डोक्याची, आपल्या दुकानात असते तसली. तिनेच वायर खरवडली होती. "शिवणकाम करता का?" तपासणाऱ्याने विचारलं. मी हो म्हटलं. भोंगा गाडी घेतल्या दिवसापासून वाजतोय आणि त्या सीटवर मी कधी एक गणवेश ठेवला नाही, हे त्याला सांगितलं नाही. आधीची मालकीण एकटीच हिंडणारी म्हातारी होती म्हणे. असेल तिचीच. टाचणी मी मागून घेतली आणि दुकानातल्या डबीत टाकली. बाकीच्यांत मिसळली, आता ओळखू येत नाही.

घरी येताना भोंगा वाजला नाही. मी पुलावर एकदा हाक मारून पाहिली. काही नाही. गाडीत फक्त इंजिनचा आवाज होता. फार रडू आलं, पण डोळे पुसत नीट चालवत आले. हे गेले रे. आता खरंच गेले.

वॉरंटी घेतली. गोडबोल्याला वाटतं त्याच्या बोलण्याने घेतली, वाटू दे. कागद करताना त्याने विचारलं, "मॅडम, गाडी तुम्ही एकट्याच चालवणार ना?" मी म्हटलं, नाही, माझा भाऊपण चालवतो. चांगला चालवतो.

उद्याच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी तुझ्या दारात येते. पळून जाऊ नकोस, गोदामापर्यंत शोधत येईन आणि हमालांसमोर ढब्बू म्हणून हाक मारीन. चार कपडे भरून ठेव. येताना मी एकटी येईन. परतताना चावी तुझ्या हातात. हात कापले तर कापू देत, सावकाश चालव, मला कुठे घाई आहे? तू फक्त रस्त्याकडे बघ.

तुझ्या शेजारी मी बसणार आहे, बेल्ट पुढून लावून.

तुझीच,
ताई